पैशाच्या नाड्या अमेरिकन काँग्रेसच्या हातात, मग २००७ मध्ये इराक युद्ध थांबलं का नाही?

चौकस_मुलगी
मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. अमेरिकेत युद्धाला पैसा द्यायचा की नाही हे काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ठरवते असं आपण वाचत आलोय. नोव्हेंबर २००६ मध्ये इराकला वैतागलेल्या लोकांनी दोन्ही सभागृहं बुशच्या विरोधातल्या डेमोक्रॅट्सना दिली, संरक्षणमंत्री रम्सफेल्डना जावं लागलं, आणि तरी जानेवारीत बुश टीव्हीवर येऊन सांगतात की अजून वीस हजारांवर सैनिक पाठवतोय! फेब्रुवारीत हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, २४६ विरुद्ध १८२ ने विरोधाचा ठराव केला, पण तो काही बंधनकारक नव्हता, आणि मे महिन्यात पैसे मंजूर झालेच. आपल्याकडे लोकसभेत साधी कपात सूचना मंजूर झाली तरी सरकार गडगडेल. मग तिकडे अडलं कुठे? नियमच तसे आहेत की कोणाची छाती झाली नाही?

सह्यकडा
चांगला प्रश्न. तिथे राष्ट्राध्यक्ष सभागृहाच्या बहुमतावर बसलेलाच नसतो, त्यामुळे बिल पडलं काय नि पास झालं काय त्याची खुर्ची हलत नाही, हा पहिला फरक.
आता २००७ चा क्रम बघा. एप्रिलअखेर काँग्रेसने युद्धाच्या पुरवणी मागण्यांचं बिल पाठवलं, एकूण जवळपास १२४ अब्ज डॉलर, म्हणजे पैसे दिले, पण अट घातली की १ ऑक्टोबर २००७ पर्यंत सैन्य परत आणायला सुरुवात करा. हाऊसमध्ये २१८-२०८, वरच्या सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये ५१-४६. बुशनी १ मेला व्हेटो केला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारात बिल नाकारलं. इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका मरीनच्या वडिलांनी आधीच एक पेन त्यांना देऊन ठेवलं होतं की व्हेटो याने करा, सही त्याच पेनने झाली. दुसऱ्या दिवशी व्हेटो उलटवायचा प्रयत्न झाला, मतं २२२-२०३. लागतात दोन तृतीयांश. खेळ खलास. २४ मेला तारीख काढून टाकलेलं बिल आलं आणि सिनेटमध्ये ८०-१४ ने पास झालं.
थोडक्यात नियम आडवे आले.

मुक्काम_न्यूजर्सी
सह्यकडा, आकडे बरोबर पण निष्कर्ष पटला नाही. दोन तृतीयांश कधी लागतात? अट घालायची असेल तर. पैसेच द्यायचे नसतील तर काहीही पास करावं लागत नाही, बिल मांडायचंच नाही, आणि ते मांडायचं की नाही हे बहुमतवाल्यांच्या हातात होतं. व्हेटो करायला समोर कागद तर हवा ना! तो रस्ता मोकळा होता आणि त्यांनी तो घेतला नाही.
का नाही घेतला ते मी तेव्हा इथे राहून बघितलंय. रोज एकच वाक्य ऐकू यायचं, लढणाऱ्या पोरांना वाऱ्यावर सोडणार का तुम्ही. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचा मुलगा आर्मीत, बगदादला होता. युद्ध तिला अजिबात मान्य नव्हतं, पण पैसे थांबवायचा विषय निघाला की ती गप्प व्हायची, कारण तिला वाटायचं पहिला फटका माझ्याच मुलाला बसेल. त्याच एप्रिलमध्ये आर्मीची तिथली ड्युटी १२ महिन्यांवरून १५ केली होती, म्हणजे आधीच तीन महिने वाढलेले, ती कॅलेंडरकडे बघत बसायची. खरं तर पैसे बंद म्हणजे दुसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या असं होत नाही, पेंटागॉनकडे, म्हणजे संरक्षण खात्याकडे, इकडचे पैसे तिकडे फिरवायची बरीच सोय असते आणि परतीच्या खर्चाची वेगळी तरतूद करता येते, पण हे त्या आईला समजावून सांगायची तयारी एकाही मोठ्या नेत्याने दाखवली नाही. मला याचा आजही राग येतो.

जुना_वाचक
न्यूजर्सीकरांशी सहमत, आणि हे आधी जमलेलं आहे हे कोणी तरी सांगायलाच हवं. १९७३ चा उन्हाळा. व्हिएतनामचा करार जानेवारीतच झालेला, तरी राष्ट्राध्यक्ष निक्सनची विमानं कंबोडियावर बॉम्ब टाकतच होती. काँग्रेसने पुरवणी मागण्यांच्या बिलात बॉम्बफेकीला एक पैसाही नाही अशी अट घातली, निक्सननी २७ जूनला व्हेटो केला, हाऊसमध्ये तो उलटवायला २४१-१७३ पडली, म्हणजे तिथेही दोन तृतीयांश हुकलेच. पण सिनेटचे नेते मॅन्सफिल्ड म्हणाले की हीच अट पुन्हा पुन्हा प्रत्येक बिलाला लावू. तेव्हा अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपायचं, म्हणजे पैसे नाहीत तर सरकारचं कामकाजच अडणार. त्यात निक्सनना घेरणारं वॉटरगेट प्रकरण. निक्सन नमले, १५ ऑगस्टपासून बॉम्बफेक बंद असं ठरलं.
पण या तडजोडीचीही किंमत होती. ते मधले सहा आठवडे बॉम्बफेक सुरूच राहिली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एका बी-५२ बॉम्बफेकी विमानाने नेआक लुओंग या कंबोडियातल्या, अमेरिकेच्याच बाजूच्या गावावर चुकून बॉम्ब टाकले, सव्वाशेच्या वर माणसं गेली. तारीख १ जुलै असती तर ती वाचली असती, हे मला कधीच विसरता येत नाही.

चौकस_मुलगी
बापरे, हे नेआक लुओंग माहीतच नव्हतं. म्हणजे २००७ मध्येही व्हेटोनंतर तेच बिल परत परत पाठवता आलं असतं?

सह्यकडा
आलं असतं. न्यूजर्सीकरांचा मुद्दा मान्य, नियमांनी अडवलं तेवढंच घाबरण्यानेही. मात्र सिनेटमध्ये ६० चं कुंपण होतं हे विसरू नका, म्हणजे चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० मतं लागायची. सिनेटर जिम वेब यांनी साधी मागणी केली, सैनिक जितके दिवस लढला तितके दिवस तरी त्याला घरी राहू द्या, तीही ५६ मतं मिळवून अडकली.

मुक्काम_न्यूजर्सी
आणि २४ मेची यादी बघा. पलोसींनी स्वतः विरोधात मत दिलं, पण स्पीकर म्हणून ते बिल मतदानाला येऊ दिलं. सिनेटच्या त्या १४ विरोधी मतांत ओबामा आणि हिलरी दोघंही होते, कारण पुढे निवडणूक होती, असं माझं मत. सैन्य परतीची तारीख शेवटी आली ती २००८ मध्ये बुश सरकारने इराकशी केलेल्या करारातून, २०११ अखेर. तो करार इराकच्या संसदेत मतदानाला गेला. अमेरिकन सिनेटपुढे मंजुरीला आणलाच नाही.