मदत हवी: ऑक्टाव्हिया आरएसला फ्रंट माउंट इंटरकूलर, कुठला कोअर घेऊ? (सातारा)

अजिंक्यतारा_आरएस
नमस्कार मंडळी. लय दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायची वेळ आली. ऑक्टाव्हिया आरएसला पुढं बंपरमागं फ्रंट माउंट इंटरकूलर (टर्बोतनं येणारी गरम हवा गार करणारी जाळी) बसवायचाय. दोन कोअर (इंटरकूलरचा मुख्य भाग) बघून ठेवलेत, एक ५५० बाय १८० बाय ६५ मिलिमीटरचा आणि दुसरा ६०० बाय ३०० बाय ७६ चा, दोन्ही बार अँड प्लेट. दुकानदार म्हणतो किमतीत फार फरक नाही, मोठाच घ्या. शनिवारी गाडी मेकॅनिककडं लावायची ठरलीय, त्याच्या आत ऑर्डर टाकायची आहे. कुठला घेऊ आणि पाइप दोन इंची का अडीच इंची, तेवढं सांगा. जरा लवकर सांगा.

कुपवाड_एमआयडीसी
साल कुठलं? इंजिन स्टॉक आहे का रीमॅप केलंय, म्हणजे ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्रोग्राम बदलून ताकद वाढवलीय? आणि त्रास काय होतोय ते लिहिलंच नाहीस भावा. नुसत्या कोअरच्या मापावर काय सांगणार.

अजिंक्यतारा_आरएस
२००६ ची आहे दादा, १.८ टर्बो, १५० पीएसवाली. त्रास म्हणजे घाटात मरते. सुरुवातीला चांगली खेचते आणि मग दोन तीन वळणं झाली की ढिली पडते, पाय पूर्ण दाबलेला असतो आणि मागचा ट्रक आरशात मोठा होत येतो. स्टॉक इंटरकूलर लहान आहे हे सगळ्यांना माहिती आहे. मला फक्त साइझ पाहिजे.

यवतेश्वर_घाट
कुठला घाट पण? खंबाटकी म्हणत असशील तर पुण्याहून येतानाच चढ लागतो, जाताना आपण बोगद्यातनं जातो. म्हणजे तासभर हायवेला पळवून इंजिन तापलेलं असताना चढतोस. आमच्या यवतेश्वरला गाडी थंड असताना पण होतं का, ते बघ. त्यावरनं बरंच कळेल.

डिझेलप्रेमी_कराड
मोठाच घे, डोळे झाकून घे. मी माझ्या डिझेल एसयूव्हीला जेवढा मावेल तेवढा मोठा टाकला, चार वर्षं झाली, कधी वळून बघितलं नाही. उसाची ट्रॉली ओव्हरटेक करायला एक सेकंद विचार करावा लागत नाही.

विश्रामबाग_टर्बो
डिझेलचं गणित इथं लावू नका राव. डिझेलमध्ये नुसती हवा दाबली जाते आणि इंधन नंतर येतं, त्यामुळं हवा थोडी गरम राहिली तर ताकद कमी होते, तेवढंच. पेट्रोलमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं, हवा गरम असली की नॉक होतो, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकतं. नॉक सेन्सरनं ते ऐकलं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, टायमिंग मागं गेलं की ताकद गेली आणि वर एक्झॉस्ट अजून तापला. आपल्याकडं एप्रिलमध्ये बाहेर ४० डिग्री असताना ०.८ बार बूस्टला (टर्बोनं दिलेला जादा दाब) लहान टर्बोतनं निघालेली हवा सव्वाशे डिग्रीच्या आसपास असते. ती खाली आणायचं काम इंटरकूलरचं. साताऱ्यावाल्या भावा, आधी सांग रीमॅप आहे का नाही. कुपवाडकरांनी विचारलेलं तू गाळलंस.

अजिंक्यतारा_आरएस
हो, स्टेज १ आहे, पार्ट न बदलता नुसता प्रोग्राम. दीड वर्ष झालं. ते सांगायचं राहिलं कारण रीमॅपनंतर वर्षभर गाडी एकदम मस्त होती, त्रास या उन्हाळ्यात सुरू झाला.

कुपवाड_एमआयडीसी
अरे मग हेच तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं! वर्षभर तोच इंटरकूलर, तोच मॅप, मागचा उन्हाळा पण त्यात येऊन गेला. मग यावर्षी काय बदललं ते शोध. नवीन कोअर टाकून जुना बिघाड झाकला जाईल. डायग्नोस्टिक केबल असेल तर तिसऱ्या गिअरला २५०० पासून ६००० आरपीएमपर्यंत एक पूर्ण पुल कर, म्हणजे पाय पूर्ण दाबून एका दमात चढव, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणाला तरी लॅपटॉप घेऊन बसव. ब्लॉक ०२० (टायमिंग), ११५ (बूस्ट) आणि ११८ (हवेचं तापमान) चे आकडे टाक.

मेथेनॉल_मिक्स
एवढा बंपर कापण्यापेक्षा वॉटर मेथेनॉल स्प्रे बसव. एक टाकी, एक पंप, एक नोझल, झालं काम. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते, नॉकला त्याच्यासारखा उपाय नाही. मी दोन वर्षं वापरतोय.

विश्रामबाग_टर्बो
आणि घाटात टाकी संपली की? त्या भरवशावर मॅप चढवलेला असेल तर तिथंच पिस्टन जाईल. रोजच्या गाडीला नको.

मेथेनॉल_मिक्स
लेव्हल सेन्सर असतो दादा, टाकी खाली गेली की बूस्ट कमी करता येतो. न वापरता बोलू नका.

कोरेगावकर
थोडं वेगळं विचारतो, एसी लावल्यावर पण गाडी ढिली वाटते का? माझ्या गाडीत गॅस जास्त भरला होता, कॉम्प्रेसर अडकायचा, तेव्हा असंच व्हायचं. एकदा एसीचा गॅस चेक करून घ्या.

अजिंक्यतारा_आरएस
एसीचा काही संबंध नाही काका, बंद ठेवून पण तेच होतं. आज सकाळी लिंब फाट्याच्या पुढं पुल केला. ११५ मध्ये बूस्ट मागितलेला १९०० मिलिबार आणि मिळालेला १७४०, दोन्ही वातावरणाचा दाब धरून. ११८ मध्ये हवेचं तापमान शेवटाला ७४ डिग्री, बाहेर ३६ होतं, आणि एन७५ ची (बूस्ट कंट्रोल करणारा व्हॉल्व्ह) ड्यूटी ९५ टक्के. ०२० मध्ये दोन सिलिंडरला ९ डिग्रीपर्यंत टायमिंग मागं. बघा, इंटरकूलर पुरत नाही हे सिद्ध झालंच ना?

कुपवाड_एमआयडीसी
उलटं सिद्ध झालं. नीट वाच. एन७५ ९५ टक्क्यांना चिकटलाय म्हणजे ईसीयू वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूनं सोडणारी झडप) पूर्ण बंद ठेवून टर्बोकडं अजून हवा मागतोय, तरी १६० मिलिबार कमीच पडतायत. हवा कुठंतरी बाहेर जातेय. ती भरून काढायला के०३ सारखा लहान टर्बो कुवतीच्या बाहेर फिरतो आणि हवा जास्त तापवतो. म्हणजे तुझे ७४ डिग्री काही अंशी लीकमुळं आहेत. प्रेशर टेस्ट कर. टर्बोच्या इनलेटच्या मापाची पीव्हीसी कॅप घे, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लाव, कॉम्प्रेसरनं हळूहळू १ बारपर्यंत हवा दे आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी मार. ऑइल फिलर कॅप आणि क्रँककेसच्या नळीकडं लक्ष ठेव, तिकडनं हवा गेली तर क्रँककेसमध्ये दाब भरेल.

आर्गन_मिरज
कुपवाडकर बरोबर बोलतायत. माझं मिरजेत रेडिएटर आणि आर्गन वेल्डिंगचं काम आहे. एवढ्यात आलेल्या तीन गाड्यांचा फ्रंट माउंट चांगला होता पण पाइप सुटायचे, कारण पाइपच्या तोंडाला बीडिंगच (होज अडकायला उठवलेली कड) नव्हतं. गुळगुळीत पाइपवर सिलिकॉन होज चढवायचा आणि साधी क्लिप आवळायची, वर तेलाचा ओशटपणा, मग १ बारला फट्टकन सुटणारच. बीडिंग करा आणि टी बोल्ट क्लॅम्प वापरा.

रात्रीचा_प्रवासी
वर उसाच्या ट्रॉलीचा विषय निघाला म्हणून लिहितो. हंगामात रात्री इस्लामपूर ते सांगली येताना मागं रिफ्लेक्टर नसलेल्या दोन दोन ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. गाडीची ताकद वाढवताय तर हेडलाइट आणि ब्रेक पण बघा रे. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच गेला.

अजिंक्यतारा_आरएस
वाईट वाटलं ऐकून. ब्रेक पॅड आणि फ्लुइड रीमॅपच्या वेळीच बदललेत.

शनिवारी कोअर न घेताच गाडी मेकॅनिककडं नेली आणि कुपवाडकरांनी सांगितलं तशी टेस्ट केली. ०.६ बारलाच खालनं आवाज यायला लागला. पुढच्या चाकासमोर बंपरच्या कोपऱ्यात इंटरकूलर असतो, त्याच्या खालच्या होजला क्लिपच्या कडेनं बोटभर चीर, तेलानं काळी पडलेली, साबणाचं पाणी मारल्यावर तिथं फेसाचा गोळाच झाला. आणि फेंडर लायनर काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. इंटरकूलरला हवा आणणारा प्लास्टिकचा डक्टच जागेवर नाही. डिसेंबरमध्ये बंपरचं काम करून घेतलं होतं, तिथं बसवायचा राहिला असणार. डक्ट नाही म्हणून फिन्समध्ये चिखल आणि उसाचं पाचट ठासून भरलं होतं, स्क्रू ड्रायव्हरनं ओढून काढलं तर मूठभर निघालं. मला खरंच लय वाईट वाटलं, एवढे दिवस मी गाडीला तसंच पिळत होतो.

होज नवीन टाकला, डक्ट जुन्या पार्ट्समधनं मिळाला, इंटरकूलर धुतला. आता एन७५ ७० टक्क्यांच्या आसपास, बूस्ट मागितला तेवढा मिळतोय, हवा ६० डिग्री, टायमिंग जास्तीत जास्त ४ डिग्री मागं.

विश्रामबाग_टर्बो
मस्त. बाहेर ३६ आणि आत ६० म्हणजे २४ डिग्रीचा फरक. चांगल्या फ्रंट माउंटनं हा फरक १० ते १५ वर येतो, म्हणजे बसवायला अजून कारण आहे, फक्त घाई नाही. माझं मत अडीच इंची पाइप आणि मोठा कोअर.

कुपवाड_एमआयडीसी
के०३ ला ७६ जाडीचा कोअर कशाला? मागं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर आहे, जाड आणि उंच कोअर त्यांची सगळी हवा अडवतो. घाटात दुसऱ्या गिअरला कूलंटचा काटा वर जाईल मग अजिंक्यतारा परत इथं धागा काढेल. शिवाय मोठ्या कोअरनं लॅग येतो, पाय दाबल्यावर बूस्ट उशिरा मिळतो.

विश्रामबाग_टर्बो
कूलंटचं पटलं, लॅगचं नाही. १.८ चं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला साधारण ४५ लिटर हवा ओढतं. पाइप आणि कोअर मिळून पाच लिटर वाढले तरी ते भरायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागेल. लोक ज्याला लॅग म्हणतात तो बहुतेक वेळा लीक असतो.

कुपवाड_एमआयडीसी
दहावा हिस्सा पायाला कळतो. पण ठीक आहे, ६५ चा कोअर आणि दोन किंवा सव्वादोन इंची पाइप यावर तरी एकमत करू.

कायद्याचं_बोला
विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दलच आहे. अपघातानंतर सर्व्हेअरनं पुढचा बीम कापलेला बघितला तर क्लेमला त्रास होतो.

आर्गन_मिरज
बीम कापायचाच नाही. तो धडकेत जीव वाचवायला असतो. १८० उंचीचा कोअर बीमच्या खाली किंवा मागं बसतो का ते आधी पुठ्ठ्याचा साचा करून बघा. आणि बूस्ट सेन्सरला नवी जागा लागेल, कोअरनंतरच्या पाइपवर त्याचा फ्लँज वेल्ड करून देतो. कोअरच्या कडेनं फोमची पट्टी लावा, नाहीतर हवा सोपी वाट धरून बाजूनं निघून जाते. पुढं बारीक जाळी पण लावा.

अजिंक्यतारा_आरएस
काल रात्री बंपर काढून पुठ्ठा लावून बघितला. ६५ चा साचा बीमच्या खाली बसतो, दोन्ही हॉर्न हलवावे लागतील आणि खालच्या जाळीच्या मागं कोअर जवळजवळ पूर्ण उघडा राहतो. ७६ चा साचा कंडेन्सरला टेकतो, तो विषयच संपला. ५५० बाय १८० बाय ६५ ऑर्डर केला. आर्गन दादा, कोअर सोमवारी येतोय, मंगळवारी गाडी घेऊन मिरजेला येऊ का?

आर्गन_मिरज
मंगळवारी नको, बुधवारी सकाळी ये. इंजिन गार पाहिजे म्हणून आदल्या रात्रीच येऊन गाडी लावलीस तर बरं. जुना होज फेकू नकोस, सोबत आण, त्याचं आतलं माप मला लागेल.