'असेंट'ला मराठीत काय म्हणायचं? संमती, अनुमती, रुकार...

टाकबोरू
मुलांवरच्या एका औषध-चाचणीचे दोन कागद मराठीत करतेय. एक आईवडिलांसाठी, दुसरा मुलासाठी. पहिल्याला 'संमतीपत्र' म्हटलं, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यावर मूळात 'असेंट' आहे, तिथे मी 'अनुमतीपत्र' लिहिलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी ते परत इंग्रजीत नेलं, तर त्याचं झालं 'पर्मिशन'. एथिक्स कमिटीचा शेरा आला : 'परवानगी देणारे पालक आहेत, मूल नव्हे.'

घोळ खरा पुढेच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1995 साली एक निवेदन काढून शब्दांची वाटणीच करून टाकली. ज्याला समजतं आणि कायद्याने अधिकार आहे, त्याने स्वतःपुरती द्यायची ती कन्सेंट. आईबाप मुलाच्या वतीने देतात ती पर्मिशन. मूल देतं ते असेंट. या हिशेबाने पालकांचं 'संमतीपत्र'सुद्धा चूक, पण ते आता इतकं रुळलंय की त्याला हात लावायची सोय नाही. मुलाच्या कागदाला शब्द सुचवा. मुलं आठ ते पंधरा वर्षांची आहेत, तेव्हा तिसरीतल्या पोराला वाचता येईल असा हवा.

धातुसाधित
'अनुमती'च बरोबर आहे. संमती आणि अनुमती, दोन्हीकडे धातू 'मन्'. सम् म्हणजे सोबत, अनु म्हणजे मागून. मोठ्यांनी ठरवलं, त्यामागून मुलाने मन दिलं. याहून नेमका शब्द कुठून आणणार? कमिटीला संस्कृत येत नाही हा शब्दाचा दोष नव्हे.

जुनीवही
अहो, उपसर्ग कोण बघतो? 'अध्यक्षांच्या अनुमतीने' म्हणतो आपण. अनुमती वरून खाली येते. आठ वर्षांचं पोर डॉक्टरांना अनुमती देतंय, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. माझं मत 'रुकार'ला. रुजू असल्याची खूण म्हणून जुने कारकून कागदावर 'रु' काढत, त्यावरून रुकार, असं आमचे आजोबा सांगत.

धातुसाधित
आजोबांबद्दल आदर आहे. पुरावा?

जुनीवही
आजोबा हाच पुरावा.

टाकबोरू
तिसरीतल्या भाचीला विचारलं, रुकार म्हणजे काय गं? म्हणाली, "र ला उकार."

वॉर्डातली
शब्दाचं तुमचं चालू द्या, मी वापराचं सांगते. मुलांच्या वॉर्डात नव्या मुली विचारतात, "सुई लावू का, बाळा?" बाळ म्हणतं "नको". मग दोघीजणी धरून लावतात. नकार ऐकायचाच नव्हता, तर विचारलं कशाला? मी शिकवते ते एवढंच : जिथे 'नाही'ची सोय नाही, तिथे 'का' लावायचा नाही. "सलाइन लावावंच लागणार आहे. कुठल्या हाताला लावू, ते तू सांग." पोर दोन्ही हात पाठीमागे नेतं. वेळ जातो, रांग खोळंबते. मग डावा हात हळूच पुढे येतो, कारण उजव्याने चित्र काढायचं असतं. तेवढं त्याचं खरं असेंट, बाकीचं आपलं.

आणि ते 'मुंगी चावेल हं फक्त' बंद करा. पहिल्यांदा खपतं. दुसऱ्या वेळी मूल दारातूनच किंचाळतं आणि नंतर तुमचं कुठलंच बोलणं खरं मानत नाही.

जुनीवही
मुंगी चावणं हा वाक्प्रचार आहे, खोटं बोलणं नव्हे. आमच्या पिढीला सगळी इंजेक्शनं मुंग्यांनीच दिली.

खडूफळा
वॉर्डातली यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि गंमत म्हणजे टाकबोरू यांनी सांगितलेल्या 1995 च्या निवेदनात हेच आहे. मुलाचं मत गांभीर्याने घ्यायचं नसेल तर ते विचारू नका. त्याने नको म्हटलं तरी उपचार करावेच लागणार असतील, तर तसं त्याला सरळ सांगा, फसवू नका.

मी शिकवतो, म्हणून थोडं विषयांतर. एमबीबीएसला 2019 पासून 'एटकॉम' नावाचा भाग आला : वृत्ती, नीती आणि संवाद. हेतू चांगला आहे. मुलं स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं घडाघडा म्हणतात. पण पहिल्या तत्त्वावरच मुलांचा वॉर्ड अडतो. स्वायत्तता कुणाची? आठ वर्षांच्या मुलाची पुरती नाही, आणि आईबापांची म्हणावी तर ती त्यांच्या स्वतःच्या शरीरापुरती. हे वर्गात घोळवायला तासभर लागतो. वॉर्डात वरिष्ठ दोन सेकंदांत संपवतात : "जा, सही घेऊन ये." विद्यार्थी नीतिशास्त्र शिकतो ते त्या वाक्यातून. बघा ना, आपल्याकडे संमती 'घेतात'. ती देणारा कुणी असतो, हे त्या क्रियापदात कुठेच नाही.

धातुसाधित
'संमती घेणे' हे इंग्रजीचं ओझं. मराठीत संमती असते किंवा मिळते.

खडूफळा
आणि निरोप घेणे, शपथ घेणे, आशीर्वाद घेणे?

धातुसाधित
ते वेगळं.

जुनीवही
इतकं कशाला ताणायचं? मौनं संमतिलक्षणम्. मूल गप्प बसलं, झालं काम.

दप्तरी
नेमकं तेच नाही झालं! मुलांवरच्या संशोधनाबद्दलच्या अमेरिकेच्या 1983 च्या केंद्रीय नियमांत असेंटची व्याख्याच अशी आहे की मुलाने होय म्हणायला हवं. नुसता विरोध केला नाही, म्हणजे असेंट नव्हे. तुमच्या सुभाषिताच्या बरोबर उलट. त्यामुळे 'हरकत नाही', 'मान्य', 'कबूल' असले मिळमिळीत शब्द बाद. माझं मत 'होकार'ला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 7 ते 12 वयाला असेंट तोंडी, 12 ते 18 ला लेखी. तेव्हा टाकबोरू, निम्म्या मुलांना तो शब्द वाचायचाच नाही, ऐकायचाय. 'अनुमती' तोंडाने म्हणून बघा.

पण मला दुसराच शब्द छळतो. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो 'अज्ञान', अठरा झाली की 'सज्ञान'. वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत अज्ञान! इंग्लंडमध्ये गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 1985 सालीच म्हटलं की सोळाच्या आतल्या मुलालासुद्धा, समोरचं काय आहे ते पुरतं कळण्याइतकी समज असेल, तर उपचाराला स्वतः कन्सेंट देता येते. वयाऐवजी समज. आपल्या शब्दाने आधीच निकाल दिलाय की याला काही कळत नाही.

वॉर्डातली
कॅन्सरच्या वॉर्डात येऊन बसा एक दिवस. दहा वर्षांची मुलं आपले प्लेटलेट किती ते स्वतः सांगतात. आईबाप बाहेर डॉक्टरांना म्हणतात, "त्याला काही सांगू नका." त्यालाच 'सज्ञान' म्हणायचं आणि बाकीच्यांना राहू द्यात.

जुनीवही
मग 'अल्पवयीन' लिहा.

दप्तरी
'अल्पवयीन' वाचलं की पुढच्या ओळीत गुन्हा येणार असं वाटतं. वर्तमानपत्रांनी बाटवलाय तो शब्द. तसा 'संमती'लाही इतिहास आहेच. 1891 चा संमतीवयाचा कायदा, शरीरसंबंधासाठी मुलींचं किमान वय दहाचं बारा केलं, तर केवढं रान उठलं होतं! टिळक विरोधात, आगरकर बाजूने. त्या सगळ्या वादात दहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं होतं का?

धातुसाधित
टिळकांचा विरोध परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता. अर्धवट माहितीवर लिहू नये.

दप्तरी
हे मला माहीत आहे. मुलीला विचारलं होतं का, एवढंच विचारलं मी.

जुनीवही
झालं, आला विषय टिळक-आगरकरांवर! त्यापेक्षा 'राजीनामा' घ्या. राजी असल्याचा नामा. फारसीत तो संमतीचाच कागद, पद सोडण्याचा अर्थ आपण चिकटवला.

टाकबोरू
"चाचणीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा राजीनामा घ्यावा." कमिटी माझाच घेईल.

खडूफळा
बहुतेक ठिकाणी जे चालतं त्याला मराठीत आधीच शब्द आहे : 'मम म्हणणे'. मोठ्यांनी सगळं म्हणायचं, मुलाने शेवटी मम.

टाकबोरू
उद्या कागद द्यायचाय, म्हणून सध्या असं करते. वर मथळा 'माझं म्हणणं'. खाली दोन चौकोन : 'हो, मी भाग घेईन' आणि 'नाही, मला नको'. दोन्ही सारख्याच आकाराचे. आधीच्या नमुन्यात 'नाही'चा चौकोनच नव्हता, आणि त्यावर मात्र कुणी शेरा मारला नव्हता.

वॉर्डातली
छान. तिसरा पण ठेवा, 'अजून विचारायचंय'. मुलं तोच भरतील.

धातुसाधित
छापील कागदावर 'म्हणणं' नको, 'म्हणणे' हवं. आणि 'भाग घेणे' ही इंग्रजीची नक्कल आहे.

खडूफळा
घेणे आलं की तुम्हाला इंग्रजच दिसतात का हो?

वॉर्डातली
कुठलं पोर "माझे म्हणणे" म्हणतं?

धातुसाधित
म्हणत नसेल. पाठ्यपुस्तकात वाचतं ना रोज.