एमजीबीला हातबनावटीचा सायलेन्सर: ५१ की ६३ मिमी, आणि ३००० आरपीएमचा घुमारा कसा घालवायचा?

गॅस्केट

गाडी १९६७ ची एमजीबी, उघडी दोन-सीटर. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मूळचा बिडाचा. डाऊनपाईपच्या (मॅनिफोल्डपासून खाली येणाऱ्या पाईपच्या) मागचं सगळं गंजून संपलंय. तयार संच न घेता स्टेनलेसमध्ये स्वतः बनवायचंय. टिग (आर्गॉन वायूच्या आडोशाने होणाऱ्या वेल्डिंगचं) मशीन आणि पत्रा गोल करायचे रोल हाताशी आहेत.

सध्या कागदावर असं आहे: ६३ मिमीचा पाईप, मधे काही नाही, मागे एकच आरपार सायलेन्सर. बाहेरचा डबा लंबगोल, आत छिद्रांची नळी, भोवती घराच्या छताला वापरतात तसली ग्लासवूल, दोन्ही टोकांना झाकणं, सगळं पक्कं वेल्ड. आवाज भरदार चालेल, पण चौथ्या गिअरला ८५ च्या वेगाला, म्हणजे ३००० आरपीएमच्या आसपास, कानात बसणारा घुमारा नकोय. व्यास बरोबर आहे का? ग्लासवूल किती भरायची? आणि घुमारा आधीच टाळता येतो का, की बसवून बघायचं?

घनमीटर

६३ विसरा. नव्वद-पंच्याण्णव अश्वशक्तीच्या या इंजिनाला ४५ मिमीसुद्धा पुरतो. थोडी मोकळीक हवी असेल तर ५०.८ मिमी बाहेरचा व्यास आणि १.५ मिमी जाडी घ्या, म्हणजे आतून ४७.८ मिळतो. त्याहून मोठ्या पाईपने ताकद वाढत नाही. गॅसचा वेग मात्र पडतो, आवाज पोकळ होतो आणि एक्सलपाशी जागा पुरत नाही.

मॅनिफोल्डला हात लावू नका. या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट पोर्ट एकच आहे, त्यामुळे बाहेर तीनच तोंडं दिसतात. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्याने २ आणि ३ चे ठोके एकमेकांपासून बरोबर ३६० अंशांवर येतात, १ आणि ४ चेही तसेच. मूळचा दोन डाऊनपाईपांचा मॅनिफोल्ड ही जोडी सांभाळतो. तो बदलून रस्त्यावरच्या गाडीत फार काही हाती लागत नाही.

आता डबा. लंबगोल दिसायला छान, पण त्याच्या सपाट बाजू थरथरतात आणि पत्र्याचा वेगळाच खणखणाट सुरू होतो. लंबगोलच हवा असेल तर पत्रा दुहेरी घ्या किंवा सपाट भागावर उठावाच्या रेघा पाडा. पहिल्यांदाच बनवताय, तर गोलच बरा.

गोल डब्याची मापं देतो. बाहेरचा व्यास १२७, पत्रा १.२ मिमी ३०४ जातीचं स्टेनलेस, लांबी ४५०. पत्रा गोल करताना मधल्या जाडीवरचा व्यास धरायचा: १२५.८ गुणिले पाय म्हणजे ३९५ मिमी रुंदी. आतल्या नळीलाही हाच हिशेब: आतून ४७.८, पत्रा १.२, मधला व्यास ४९, रुंदी १५४. लांबी मात्र मागच्या कॉलरसाठी २५ ते ३० मिमी जास्त ठेवा. छिद्रं ३ मिमी, ५ मिमी अंतरावर, एकाआड एक सरकवलेली. त्यात जवळपास ३३ टक्के जागा उघडी मिळते. जोडाच्या दोन्ही कडांना ५-६ मिमी कोरी पट्टी सोडा. छिद्रांवरून वेल्ड नेलात तर कड वितळून मागे सरते आणि आत थेंब लोंबतात. अशा थेंबावरून गॅस गेला की सुस्कारा ऐकू येतो. फुगीर फटींची नळी मिळाली तरी घेऊ नका. तिच्या कडा प्रवाहात उभ्या राहतात आणि शिट्टी वाजते.

भरण. नळी आणि डबा यांच्यामधली जागा या मापांत ४.६ लिटर होते. लिटरला साधारण ११० ग्रॅम धरा, म्हणजे ५०० ग्रॅम. घरबांधणीची ग्लासवूल मात्र नको. तिचे तंतू आखूड असतात आणि ते धरून ठेवणारा डिंक सायलेन्सरच्या उष्णतेत जळून जातो. मग ठोक्यांबरोबर लोकर छिद्रांतून उडते आणि काही दिवसांत डबा रिकामा होतो. अखंड धाग्याची ई-ग्लास (काचेचे तंतू) किंवा बेसॉल्टची चटई आणा. नळीला आधी ५ ते ८ मिमी जाडीची स्टेनलेस लोकर गुंडाळा, त्यावर चटईचे वेढे घट्ट घ्या. शेवटचा वेढा कागदी टेपने धरा, टेप नंतर जळून जाते. मोजून भरा, हाताच्या अंदाजाने नको. कमी पडलं तर चटई खाली बसते, वरच्या बाजूला पोकळी होते आणि तिथे पत्रा निळा-तपकिरी पडतो. ठासून भरलं तर लाट भरणात शिरतच नाही, आतूनच परत फिरते. मास्क आणि हातमोजे घालूनच हे काम करा.

सगळं पक्कं वेल्ड करायचा बेतही बदला. आतली नळी डब्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. दोन्हींत २०० अंशांचा फरक धरला तर ४५० मिमी लांबीत नळी दीड मिमी जास्त वाढते, आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर झाकणाच्या वेल्डला तडा जातो. नळी पुढच्या टोकालाच वेल्ड करा. मागच्या झाकणात ५४ मिमी बाहेरच्या व्यासाची, १.५ जाडीची कॉलर बसवा. ती आतून ५१ असते, तुमची नळी बाहेरून ५०.२, म्हणजे सरकायला जागा मिळते. त्याच कॉलरमध्ये मागून ५०.८ चा शेपटीचा पाईप जातो. मागचं झाकण ४.८ च्या स्टेनलेस रिव्हेटांनी किंवा एम५ स्क्रूंनी धरा आणि कडेला उच्च तापमानाचं सिलिकॉन लावा. भरण कधीतरी बदलावं लागणारच.

चौथाभाग

घनमीटर यांचा डबा उत्तम आहे, पण त्याने तुमचा घुमारा जाणार नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन ठोके. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, १०० ठोके, अर्थात १०० हर्ट्झ. तापलेल्या गॅसमध्ये आवाजाचा वेग वाढतो: केल्विनमधल्या तापमानाचं वर्गमूळ गुणिले २०. तीनशे अंश सेल्सियसला तो सेकंदाला ४८० मीटर होतो, म्हणून १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.८ मीटर. ३७ मिमी जाडीच्या भरणाची तिच्यापुढे काय मात्रा चालणार? भरण ४००-५०० हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा छान खातं. खालचा घुमारा तसाच राहतो, आणि वरचा आवाज गेल्यामुळे जास्तच जाणवतो. आरपार सायलेन्सर बसवल्यावर लोक दोन महिन्यांत तो काढतात ते यामुळेच.

खालच्या आवाजाला दोन उपाय आहेत. एक म्हणजे आकारमान. ४.६ लिटर म्हणजे इंजिनाच्या जेमतेम अडीचपट. मध्ये आणखी एक डबा घातला की फरक पडतो. दुसरा उपाय म्हणजे बंद तोंडाची बाजूची फांदी. मुख्य पाईपला काटकोनात एक पाईप जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक बंद ठेवायचं. फांदीची लांबी लाटेच्या पाव भागाइतकी असली की आत गेलेली लाट बंद टोकावरून परत येईपर्यंत अर्ध्या लाटेने मागे पडते आणि समोरच्या लाटेला मारते. गॅसच्या वाहत्या वाटेत काहीच येत नाही, त्यामुळे ताकदीला धक्का नाही.

लांबी काढताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. फांदीत गॅस वाहत नाही, साचून असतो, त्यामुळे तो मुख्य पाईपातल्या गॅसपेक्षा थंड असतो. तिथे ३०० अंश धरले तर उत्तर १२०० मिमी येतं आणि फांदी लांब पडते. १५० ते २०० अंश धरा: वेग ४१२ ते ४३६, लांबी १०३० ते १०९०. सुरुवातीला ११०० कापा आणि टोक वेल्ड करू नका. सरकणारं बूच आणि क्लँप लावा. गाडी वीस मिनिटं चालवून तापवा, मग चौथ्या गिअरला २५०० ते ३५०० पर्यंत हळूहळू चढवत न्या. सगळ्यात शांत जागा हवी त्यापेक्षा खालच्या आरपीएमला आली, तर फांदी लांब आहे. ११ मिमी कमी केले की ती जागा साधारण ३० आरपीएम वर सरकते. नेमकी जागा सापडली की बूच वेल्ड करा.

फांदीचा व्यास मुख्य पाईपइतकाच ठेवा, बारीक केली की परिणाम कमी होतो. वळवली तरी चालते, लांबी मध्यरेषेवर मोजायची. शेपटीच्या उघड्या तोंडाजवळ जोडू नका: तिथे दाबाची लाट जवळपास शून्य असते, मारायला काही उरतच नाही. मागच्या डब्याच्या पुढे, मध्यभागाकडे जागा बघा. बंद टोक किंचित वर ठेवा, नाहीतर फांदीत पाणी साचतं आणि लांबीच बदलते.

गॅस्केट

दोघांचेही आभार. ५०.८ नक्की केला, डबा गोल, फांदी प्रॉपेलर शाफ्टला समांतर बसेल असं दिसतंय. दोन शंका उरल्यात. एक, सगळं ३०४ मध्ये करू की साधं पोलाद वापरून वरून उष्णतेचा रंग देऊ? दोन, सरावाच्या तुकड्यांवर वेल्ड बाहेरून चांगला येतोय, पण पाईप कापून बघितला तर आतून काळा, खडबडीत, दाणेदार थर दिसतो. करंट कमी केला तरी तसंच.

टाकाटिग

तो थर करंटमुळे येत नाही. वितळलेल्या स्टेनलेसला मागून हवा लागते आणि क्रोमियम जळतं, त्याचे ते दाणे आहेत. तिथून गंज सुरू होतो आणि प्रवाहालाही अडथळा होतो. पाईपाच्या आतही आर्गॉन सोडा. दोन्ही टोकं ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करा, एका बाजूने मिनिटाला ५ लिटरच्या आसपास गॅस द्या, दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूने पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवा. आतली हवा निघून जाईपर्यंत थांबा आणि मगच आर्क लावा. आत दाब साठू देऊ नका, नाहीतर शेवटच्या टाक्याला वितळलेला धातू बाहेर उडतो.

१.२ च्या पत्र्याला १.६ चं टंगस्टन, ३०८एल ची तार, ३५ ते ४५ अँपिअर. दर २५-३० मिमीवर टाका, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं वेल्ड. एका दमात गोल फिरलात तर डबा केळासारखा वाकतो. स्टेनलेस आणि साधं पोलाद जोडताना ३०९एल वापरा. जस्ताचा थर असलेला पाईप घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. वेल्डच्या आधी पुसायला ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर आर्कजवळ असेल तर फॉस्जीन तयार होतो. त्यात थट्टा नाही.

धातूबद्दल माझं मत: ३०४. गंजाच्या बाबतीत साधं पोलाद त्याच्या जवळपास येत नाही, आणि पोलाद वरून रंगवलं तरी गंज आतूनच लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. डबा थंड असताना ते आतच साचतं आणि छोट्या फेऱ्यांत सुकतही नाही. मागच्या डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं एक भोक पाडा.

पण ३०४ जास्त वाढतं. अडीच मीटरची लाईन सरासरी ३०० अंशांनी तापली तर ती १३ मिमी लांब होते; साधं पोलाद ९ मिमी. फिटिंग थंड गाडीवर होतं, म्हणून शेपटीचं टोक बंपरच्या कापात आणि पाईप एक्सलपाशी एवढा सरकायला जागा धरूनच बसवा. हँगर सगळे रबरी, घट्ट कुठेच नाही. डाऊनपाईपच्या जोडानंतर १०० ते १५० मिमीचा जाळीदार लवचिक तुकडा घाला, कारण इंजिन आपल्या रबरांवर डुलतं आणि तो झटका मागच्या वेल्डवर जातो. सरकते जोड ४५-५० मिमी आत घ्या, पुढचा पाईप मागच्याच्या आत, म्हणजे प्रवाहाला कड लागत नाही.

गाडीवर फक्त टाके घाला, पूर्ण वेल्ड टेबलावर. टाक्यांच्या आधीही बॅटरी आणि अल्टरनेटर किंवा डायनॅमोच्या वायरी सोडवा. पेट्रोलच्या टाकीजवळ आर्क लावू नका. तिथे खूण करून पाईप काढा. एक्सल पूर्ण वर चढलेला असताना माप घ्यायचं, नुसतं जॅकवर लोंबताना नाही. पाटे दबले की तो बराच वर येतो. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा, तेवढं जमत नसेल तिथे मधे ॲल्युमिनियमचा पत्रा.

घनमीटर

टाकाटिग यांच्याशी सहमत. शेपटीचं एक राहिलं. टोक बंपरच्या मागे २०-३० मिमी बाहेर काढा. उघड्या गाडीच्या मागे कमी दाबाचा खिसा तयार होतो आणि टोक आत राहिलं तर धूर सीटपर्यंत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. डिकीचं रबरही त्याच वेळी बदलून घ्या.

गळती थंड असतानाच शोधा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू शेपटीला लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. पुढच्या जोडात बारीक गळती असली तरी ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे फटफट होते, आणि लोक उगाच कार्ब्युरेटर उघडून बसतात.

डाऊनपाईप एकत्र आल्यानंतर एम१८ गुणिले १.५ चा बॉस (ऑक्सिजन सेन्सर बसवायचा आटे पाडलेला तुकडा) आत्ताच वेल्ड करून बूच लावून ठेवा, घड्याळाच्या १० ते २ च्या मधे कुठेही, म्हणजे पाणी सेन्सरवर पडत नाही. एक्झॉस्ट मोकळा झाला की दोन्ही एसयूंचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडू शकतं, ते सेन्सर लावून मोजूनच ठरवा. आणि फांदीची लांबी पक्की करायची ती मिश्रण लागल्यानंतर. मिश्रण बदललं की गॅसचं तापमान बदलतं, आणि चौथाभाग यांचा सगळा हिशेब तापमानावरच उभा आहे.