मदत हवी आहे: इंटरफेस असताना 'व्हेअर टी' कशाला? (सी शार्प)

मंडळी, मुलुंडच्या आमच्या सोसायटीची बिलं आजवर एक्सेलमध्ये निघायची. "तू कॉम्प्युटरवालाच ना रे?" असं म्हणत सेक्रेटरी काकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. सी शार्प शिकतोच आहे, म्हटलं सराव होईल.

आयबिल नावाचा इंटरफेस (क्लासने काय काय पुरवायचं याचा करार) केला, त्यात फ्लॅट नंबर आणि रक्कम. मेंटेनन्सबिल आणि पार्किंगबिल हे क्लास तो इम्प्लिमेंट करतात. मग ही मेथड:

व्हॉइड छापा(लिस्ट<आयबिल> बिलं)

हिला लिस्ट<पार्किंगबिल> दिली की एरर. अहो, पार्किंगबिल म्हणजे आयबिलच ना! कंपायलर एकटं बिल मुकाट घेतो, यादी दिली की अडतो. ऑफिसातल्या सीनियरने हे सुचवलं (टी म्हणजे कॉल करताना ठरणारा प्रकार):

व्हॉइड छापा<टी>(लिस्ट<टी> बिलं) व्हेअर टी : आयबिल

चाललं. का चाललं विचारलं, तर "जेनेरिक आहे म्हणून" एवढं बोलून कल्याण फास्ट पकडायला पळाला.

शिवाय पावत्यांसाठी हीच मेथड 'व्हेअर टी : आयपावती' अशी लिहिली, तर सीएस०१११, म्हणजे तीच मेथड दोनदा लिहिल्याची एरर. अट वेगळी आहे की!

प्रतिसाद १
लेडीज डब्यावर नुसती 'प्रवासी डबा' अशी पाटी लावली तर? कुणीही चढेल. लिस्टला अ‍ॅड ही भर घालणारी मेथड आहे, म्हणजे दार उघडं. तुझी यादी लिस्ट<आयबिल> म्हणून आत गेली असती, तर तिथे कुणी मेंटेनन्सबिलही घुसवलं असतं. टी घेतलास की यादी पार्किंगबिलांचीच राहते, फक्त टीला आयबिलचं सगळं आलं पाहिजे एवढी अट पडते.

पण नुसतं छापायचंय तर अशी टीवाली जेनेरिक मेथड हवीच कशाला? आयइन्युमरेबल<आयबिल> घे. त्यातून फक्त वाचता येतं, म्हणून २०१० च्या सी शार्प ४ पासून तिथे तुझी यादी चालते. बिल क्लास नसून स्ट्रक्ट (व्हॅल्यू टाइप) असेल तर मात्र ही सवलत नाही.

टी खरा कामाला येतो तो तोच प्रकार परत हवा असतो तेव्हा. 'टी सर्वातमोठं<टी>(लिस्ट<टी> बिलं) व्हेअर टी : आयबिल' मधून पार्किंगबिलच हातात येतं, स्लॉट नंबर थेट विचारता येतो. आयबिल परत आलं तर बसा कास्ट करत, म्हणजे प्रकार हाताने बदलत.

प्रतिसाद २
सीएस०१११ बद्दल: अट मेथडची ओळख ठरवणाऱ्या सिग्नेचरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे कंपायलरला दोन्ही मेथड एकच वाटतात. वरच्यांचं ऐकून आयइन्युमरेबल घेतलंस तर पॅरामीटरच वेगळे होतात, दोघी एका नावाने नांदतील. फक्त एकाच क्लासला दोन्ही इंटरफेस देऊ नकोस, कॉल संदिग्ध होईल.

धागाकर्ता
डब्याचं उदाहरण डोक्यात बसलं. दोन्ही छापा चालू झाल्या. सर्वातमोठं थकबाकीच्या यादीवर चालवून पाहिलं, तर स्लॉट सेक्रेटरी काकांचाच निघाला. आता हे छापू की नको?