मदत हवी आहे: वजन ६१ किलो, तरी साखर काठावर. जनुक तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी,

वय ३६, उंची १६८ सेंमी, वजन ६१ किलो. कॉलेजपासून सगळे मला काडी पैलवानच म्हणतात. गेल्या महिन्यात रक्त तपासलं: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. उतरवू कुठून? घरी टेप लावली तर बेंबीपाशी ९३ सेंमी भरलं, म्हणजे आपल्याकडच्या पुरुषांसाठीच्या ९० च्या मर्यादेबाहेर. वडिलांना ४१ व्या वर्षी मधुमेह झाला, आजोबांनाही होता. उलट मेव्हणा ८८ किलोचा, रोज वडापाव हाणतो, रिपोर्ट चकाचक! (बायको म्हणते, माझ्या भावाला दृष्ट लावू नका.)

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचं २००४ मधलं उदाहरण वाचलं. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. वाचून धस्स झालं.

एक कंपनी लाळ तपासून 'जनुकांनुसार आहार' देते, पंधरा हजारांत. घ्यावं का? मुलगी सात वर्षांची आहे, जन्माला आली तेव्हा अडीच किलोची होती. तिचीही काळजी वाटते.

प्रतिसाद:
पंधरा हजार खिशातच ठेवा. एफटीओ हे लठ्ठपणाचं सगळ्यात गाजलेलं जनुक. युरोपीय लोकांत त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या तरी सरासरी फरक तीनेक किलोंचाच निघाला. जनुकांतल्या बाकी शेकडो जागा थोडा थोडा वाटा उचलतात. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न चरबी किती याचा नाही, कुठे साठते याचा आहे. कातडीखालचं गोदाम कुणाचं मोठं, कुणाचं लहान, यात जनुकांचा हात असतो. तुमचं लहान असणार. ते भरलं की माल यकृतात जातो. मेव्हण्याकडे अजून जागा असेल. वडिलांचं ४१ वं वर्ष लाळेपेक्षा जास्त सांगतं.

सगळं जनुकांवरही ढकलू नका. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५, तरी आपल्या बाळांत चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. आईच्या पोषणाचाही त्यात वाटा. मुलीला मैदानावर सोडा. तुम्ही वजनं उचला, पोळी-भात कमी करून डाळ-उसळ वाढवा. तीन-चार किलो उतरले तरी लिव्हरला फरक पडतो.

धागाकर्ता:
आभार. पण ६१ वरून ५७ झालो तर आई घरात घेणार नाही, तिला काय सांगू?