मदत हवी आहे: अकरावी-बारावीच्या जोड्यांमधली मारहाण मोजायची कशी?

शलाका_म्हापसा: एम.ए.चा प्रबंध आहे, सोमवारी गाइडना प्रश्नावली दाखवायचीय. चाचणी म्हणून 22 जणांना विचारलं, "तुमच्या नात्यात शारीरिक हिंसा झाली का?" सगळ्यांनी "नाही" लिहिलं. कागद परत देताना एका मुलीने बाही बोटांपर्यंत ओढली, तरी मनगटावरचे वळ दिसलेच. तयार मराठी प्रश्नावली असेल तर आजच द्या!

फोंडेकर: आधी सांगा, मार खाणाऱ्यालाच विचारणार की मारणाऱ्यालाही? पालकांची संमती घेतली का?

शलाका_म्हापसा: दोघांनाही. संमती प्राचार्यांची आहे.

फोंडेकर: ती पुरणार नाही. 18 खालची मुलं, पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतं.

आकडेमोड: एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय-स्क्वेअर चाचणी लावा, सोपं आहे.

मांडवीकाठ: ते नंतरचं. "हिंसा" शब्द काढा. मी शाळेत समुपदेशन करते. "मारतो का?" म्हटलं की मुली नाही म्हणतात, "केस ओढले का?" म्हटलं की गप्प होतात, मग सांगतात. कॅड्री बघा, किशोरवयीन जोड्यांमधल्या भांडणांची प्रश्नावली, डेव्हिड वुल्फ आणि सहकाऱ्यांची, कॅनडातली, 2001 ची. शारीरिक मारहाणीचे चारच प्रश्न: वस्तू फेकून मारणं, लाथाबुक्क्या, थापड किंवा केस ओढणं, ढकलणं-गदागदा हलवणं. प्रत्येक दोनदा, "मी केलं" आणि "माझ्याशी केलं". कधीच नाही ते बऱ्याचदा, 0 ते 3 गुण. भांडणातलंच विचारा, नाहीतर मस्करीतलं ढकलणंही मोजाल.

सांतइनेज: नुसती कृती मोजून फसाल. हात सोडवायला तिने ढकललं आणि त्याने थापड मारली, दोघांची नोंद सारखीच! घरातली भांडणं आणि मारहाण मोजणाऱ्या स्ट्रॉस यांच्या 1979 च्या मापनश्रेणीवर हीच टीका झाली.

मांडवीकाठ: 1996 च्या आवृत्तीत इजेचे प्रश्न आले ना!

सांतइनेज: इजा आली, भीती कुठे आली? कोण घाबरलं, तेही विचारा.

दादा_डिचोली: मोबाइल काढून घ्या, सगळं थांबेल.

फोंडेकर: दादा, तो वेगळा धागा. शलाका, मुलं घरी कोंकणी बोलतात. मराठी प्रश्न चार मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, कुठे अडतात ते कळेल.

मांडवीकाठ: आणि त्या मुलीशी कुणी बोललं का? वर्गातून बोलावू नका, सगळ्यांना कळेल. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 प्रत्येक कागदाखाली छापा. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 खाली कळवणं बंधनकारक आहे, हे मुलांना आधीच सांगा.

शलाका_म्हापसा: नाही बोलले. नावं घेतली नव्हती, पण वर्ग माहीत आहे. उद्या तिथल्या समुपदेशक बाईंना गाठते. सोमवारी प्रश्नावली झाली नाही तर गाइडना तसं सांगेन.