विमानतळाच्या लाउंजमधली दारू: कार्डावर काय मिळतं आणि कशाचे पैसे मोजावेत?

निपाणी_हायवे
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघंजण सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) बेंगळुरू आणि तिथनं रात्रीच्या विमानानं दुबई. मध्ये साडेपाच तास मोकळे. दोघांकडे रुपे कार्ड आहे, एकाकडे प्रायॉरिटी पास (लाउंजमध्ये शिरायचं सदस्यत्व), चौथ्याकडे काहीच नाही. तर सांगा:

१) कार्डावर आत शिरलं की दारू धरूनच असते का तिचे वेगळे पैसे?
२) जी मिळते ती प्यायच्या लायकीची असते का?
३) ज्याच्याकडे कार्ड नाही त्यानं पैसे भरून आत यावं का बाहेरच्या बारमध्ये बसावं?
४) एमआरपीच्या वर घेतात ते कायद्यात बसतं का?

"लाउंज लई भारी असतंय" एवढंच सांगणारे घरात पुष्कळ आहेत, तेव्हा जरा नेमकं सांगा.

कॅम्प_बेळगाव
दारूच्या आधी एक गोष्ट तपासा. तिकीट एकच आहे का दोन वेगळी?

एकच असेल आणि दुबईचा बोर्डिंग पास सांबऱ्यालाच हातात पडला, तर बेंगळुरूत उतरून सरळ इमिग्रेशन आणि सिक्युरिटी करून आत जाता येतं. दोन वेगळी असतील तर बॅगा घेऊन बाहेर यायचं आणि चेक-इन काउंटर उघडायची वाट बघायची. काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतं, त्यापुढं इमिग्रेशनची रांग. म्हणजे साडेपाच तासांतले दीड-दोन तासच लाउंजला उरतात. लाउंज सिक्युरिटीच्या पलीकडं असतं, पास हातात नसेल तर कार्ड कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय विमानं सगळी टी-२ (टर्मिनल २) वरून सुटतात. तुमचं विमान टी-१ ला लागलं तर मधल्या शटल बसचा वेळही धरा.

देशांतर्गत लाउंज तर विसराच, कारण तिथं पुढचं विमानही देशांतर्गत लागतं. रुपेवाल्या दोघांनी बँकेच्या यादीत "बेंगळुरू, टी-२, इंटरनॅशनल डिपार्चर" हे नाव आहे का ते स्वतः बघावं. देशातल्या लाउंजभेटींचा कोटा तिथं चालेलच असं धरू नका. कार्डावरून दोन रुपये कापले जातात (काही कार्डांना पंचवीस) ती नुसती कार्ड चालू आहे का याची तपासणी, प्रवेशाची किंमत नव्हे. खरी किंमत बँक भरते, माणशी ठरलेल्या दरानं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दरातच आहे. लाउंजवाल्याला तुमच्यामागं ठरलेली रक्कम मिळते, तुम्ही उपमा खा नाहीतर चार पेग घ्या. प्रत्येक पेग त्याच्या नफ्यातनं जातो. म्हणून देशांतर्गत लाउंजमध्ये बहुतेक ठिकाणी दारूचे वेगळे पैसे असतात. आंतरराष्ट्रीय बाजूला बऱ्याच ठिकाणी एक बिअर, एक वाईन आणि दोन-तीन स्पिरिट (व्हिस्की, जिन वगैरे) धरलेली असतात, त्याच्या वरचं सगळं पैशानं. कुठं कुठं माणशी दोन ड्रिंक्स आणि बास.

खुर्चीत बसायच्या आधी काउंटरवर विचारा: माझ्या कार्डावर कुठले ब्रँड, किती ड्रिंक्स, आणि सोडा-टॉनिक धरून का वेगळं? तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग बिलात टॉनिकचा आकडा बघून भांडत बसतात.

बॅरल_तीस
दराबद्दल. मेनूवर किंमत बघायच्या आधी माप बघा. आपल्याकडं छोटा पेग ३० मिली, मोठा ६०. काही मेनूत नुसती किंमत असते आणि ती ३० ची असते. शेजारच्या बारमध्ये तीच किंमत ६० ची असेल तर "दोन्हीकडं सारखंच" म्हणणारा निम्म्यानं फसला.

७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग. मेनूवरच्या आकड्याला पंचविसानं गुणा. समजा ३० मिलीला ४५० रुपये लावलेत, तर बाटली पडली ११,२५० रुपयांना. वाईन शॉपमधली तिची एमआरपी तुम्हाला माहीत असतेच, किती पट लावलंय ते तिथंच कळतं. मला विचाराल तर विमानतळ म्हणून तीन-चार पट सहन करावं, त्यापुढं गेलं की बिअर मागावी. बिअरवर पट कमी असते, कारण तिची किंमत सगळ्यांना पाठ असते.

आता चढण्याचं गणित, कारण "बिअरच आहे की" म्हणून माणसं घसरतात:

– व्हिस्की ४२.८ टक्के, ३० मिली: शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम
– बिअर ५ टक्के, ३३० मिली: १३ ग्रॅम
– वाईन १३ टक्के, १५० मिली: १५ ग्रॅम
– स्ट्राँग बिअर ८ टक्के, ६५० मिली: ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग एका बाटलीत

शरीर तासाला ढोबळमानानं एका छोट्या पेगाएवढंच पचवतं. दोन तासांत स्ट्राँगच्या दोन बाटल्या म्हणजे गेटवर पोचताना सहा पेग अंगात शिल्लक. पुढं विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच, वर हवा कोरडी. त्यात दारू पिऊन झोपलं की रक्तातला प्राणवायू आणखी खाली जातो. बीपी, दम्याची गोळी चालू असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

आणि दुबईत तर्र होऊन उतरणं हा गुन्हाच आहे, खरं इथल्या गेटवरच अडवतील ही शक्यता त्याहून मोठी. झिंगलेल्या माणसाला विमानात घ्यायचं नाही हा नियम आहे. आत जाऊन तोंड सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत, अंगावर गेलं तर सहा महिन्यांपर्यंत, त्याहून गंभीर असेल तर दोन वर्षं किंवा जास्त प्रवासबंदी लागते.

शहापूरच्या_वहिनी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दारू क्वचितच खोटी असते, खराब ठेवलेली मात्र सर्रास असते.

*वाईन.* लाउंजमध्ये सगळ्यात जास्त मार खाते ती ग्लासवर मिळणारी वाईन. बाटली उघडली की हवा लागते. पांढरी आणि लाल दोन्ही थंड ठेवल्या, बूच घट्ट लावलं तर दोन-तीन दिवस टिकतात. काउंटरवर दिव्याखाली उभ्या ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीच गेल्या. पांढरीचा रंग गवती पिवळ्याचा गडद, तपकिरीकडं झुकलेला दिसला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला, तर ती हवा लागून उतरली आहे. लालला कडेनं विटकरी छटा आणि नाकात व्हिनेगर झोंबलं तर तेच. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र वेगळा; तो बुचाचा दोष, नवी बाटलीही तशी निघू शकते. विमानात उंचीमुळं चव मंदावते हे खरं, पण लाउंज जमिनीवर असतं. तिथं वाईन वाईट लागली तर ती वाईटच आहे.

उपाय सोपा: "नवी बाटली उघडताय का?" असं विचारायचं आणि फिरकीचं झाकण आपल्यासमोर कडकन मोडलं तरच घ्यायची. गर्दीच्या वेळी, म्हणजे रात्री दहा ते दोन, बाटल्या भराभर संपतात. तेव्हाची वाईन दुपारच्यापेक्षा बरी निघायची शक्यता जास्त. तुमचं विमान रात्रीचं आहे, चांगलं आहे. स्पार्कलिंग मात्र कुठल्याच वेळी उघड्या बाटलीतली घेऊ नका, काही तासांत बुडबुडे जातात आणि उरतं आंबट पाणी. बेंगळुरूत ग्लासवर बहुधा नाशिकची नाहीतर नंदी हिल्सची वाईन असते. नंदी हिल्स विमानतळापासून तासाभरावर, म्हणजे लांबच्या प्रवासाचं निमित्त त्या बाटलीला सांगता येत नाही.

*नळाची बिअर.* नळी दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी. नाही धुतली की लोण्यासारखा किंवा आंबूस वास येतो. रात्रभर नळीत बसलेली बिअर सकाळच्या पहिल्या ग्लासात येते, तो ग्लास ओतून द्यायला सांगावं. नुसता फेसच येत असेल तर बॅरल किंवा नळी गरम झाली आहे. ग्लासच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लासला तेल किंवा साबण राहिलाय. शंका आली की सरळ बंद बाटली मागा, लेबलवर भरल्याची तारीख बघा. सहा महिन्यांच्या आतली, आणि जितकी ताजी तितकी बरी. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीची बिअर उजेडाच्या फ्रीजमध्ये पुढं मांडलेली असेल तर मागच्या रांगेतली काढून घ्या. उजेडानं तिला कुबट वास लागतो.

*व्हिस्की, जिन वगैरे.* हे उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून लाउंजमध्ये यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. गडबड होते ती मापात. बाटलीच्या तोंडाला साधी चोच असेल आणि ओतणारा घाईत असेल, तर ३० चे कधी २२ होतात, कधी ४०. मापी घेऊन ओतायला सांगावं, त्यात लाजायचं काय! रंगावर जाऊ नका. व्हिस्कीत कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी असते, गडद म्हणजे जुनी असं नाही. पहिला घोट बर्फाशिवाय घ्या, बर्फानं वास दबतो आणि पाणी मिसळलेलंही कळत नाही.

टिळकवाडी_कट्टा
वहिनींच्या म्हणण्याला जोड. लाउंजमध्ये "स्कॉच" लिहिलेलं असतं त्यात दोन जाती. एक तिकडंच बाटलीत भरलेली, दुसरी तिकडून पिंपात आणून इथं भरलेली. दोन्ही स्कॉचच, तीन वर्षं तरी लाकडात ठेवलेली. पण दर सारखा लावला असेल तर पहिली मागा. मागचं लेबल वाचलं की कळतं.

पैसे मोजायचेच असतील तर घरी सहज मिळणाऱ्या ब्रँडवर कशाला? यादीत अमृत फ्युजन ही व्हिस्की असेल तर ती एक मागवा. बेंगळुरूचीच, ५० टक्के. ३० मिलीत चमचाभर पाणी घातल्यावर तिचा वास-चव उघडते. सोड्यात घालून वाया घालवू नका म्हणजे झालं.

खानापूर_रोड
प्रश्न ४. एमआरपीचं बंधन वाईन शॉपला (सीएल-२ परवाना) आणि एमएसआयएल या कर्नाटक सरकारच्या कंपनीच्या दुकानाला. बार, हॉटेल यांना नाही, कारण तिथं बसण्याचे आणि सेवेचे पैसे धरलेले असतात. पाण्याच्या बाटलीचंही तसंच: हॉटेलात एमआरपीच्या वर घेता येतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. त्यामुळं लाउंजमध्ये एमआरपीवरून हुज्जत घालू नका, हराल.

बिल मात्र ओळीनं वाचा. दारूवर जीएसटी नसतो, तो खाण्यावर आणि सोड्या-टॉनिकवर. एकूण बेरजेवर सरसकट जीएसटी लावलेला दिसला तर बिल बदलून मागायचा हक्क आहे. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, काढा म्हटलं की काढावा लागतो.

वय कर्नाटकात २१. बरोबर मुलगा-पुतण्या असेल तर लक्षात ठेवा, गोव्याचं १८ इथं चालत नाही. तारीखही बघा. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्टला बार बंद, निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद. त्या दिवशी "लाउंजमध्ये मिळतंय" म्हणून पैसे भरून शिरू नये.

तिसऱ्या प्रश्नाचं गणित: प्रवेशाच्या रकमेतनं तुम्ही बाहेर जेवायला घालवणार होता ती रक्कम वजा करा. उरलेल्या पैशात बाहेरच्या बारमध्ये किती बिअर येतात ते बघा. लाउंजमध्ये दारू धरलेली नसेल तर चौथ्यानं आत यायचं कारण फक्त खुर्ची आणि शॉवर. प्रायॉरिटी पासवाल्यानं त्याला पाहुणा म्हणून आत घेतलं तर पैसे नंतर कार्डाच्या बिलात येतात, बहुतेकदा डॉलरच्या दरानं. आधी बँकेला विचारा.

निपाणी_हायवे
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. तिकिटं दोन वेगळी आहेत, म्हणजे कॅम्पवाल्यांचा हिशोब आम्हालाच लागू. शेवटचं एक. येताना ड्यूटी-फ्रीच्या बाटल्या घेऊन बेंगळुरूहून सांबऱ्याला विमानानं येणं बरं, का मोपाला (गोव्याचा विमानतळ) उतरून गाडीनं?

चोर्ला_घाट
दोन्ही चालतं. माणशी दोन लिटर, त्यावर एक थेंब नको.

विमानानं येणार असाल तर कस्टम्सच्या बाहेर आल्यावर बाटल्या चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवून देशांतर्गत सिक्युरिटीशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. एक लिटरची काचेची बाटली दीड किलोच्या आसपास जाते, दोन म्हणजे तीन किलो. तुमची तिकिटं वेगळी, म्हणजे सांबऱ्याच्या विमानाला बहुधा १५ किलोच मिळणार. दुबईहून ३० किलो भरून निघालात तर जादा सामानाचे पैसे दारूपेक्षा महाग पडतील. बाटली कपड्यात गुंडाळून बॅगेच्या मध्यावर ठेवा, चाकांच्या बाजूला नको.

मोपाहून गाडीनं आलात तर ड्यूटी-फ्रीचं बिल आणि बोर्डिंग पास वरच्या खिशात ठेवा आणि सीलबंद पिशवी फोडू नका. कर्नाटकात शिरताना कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर ते बघतात. आणि वाटेत स्वस्त मिळते म्हणून गोव्याची एखादी त्याच डिकीत टाकू नका ओ. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं लेबल दिसलं की तपासणी सगळ्याच बाटल्यांची होते, आणि बिल असलेल्या दोन बाटल्यांसाठीही तासभर रस्त्याकडेला उभं राहावं लागतं.